रिकामा डबा परत करू नये

हळू, वकीलसाहेब, हळू. आत ती आहे, अन् तिचे कान म्हणजे तारेचे खांब, इकडे कोणी कुजबुजलं की तिकडे वाजतं. काय म्हणाली म्हणता मैनाबाई? नाही, पुन्हा सांगू नका, एकदा ऐकलं ते पुरे झालं. म्हणे बुढ्यानं शेवटी शेवटी लेकीच्या हातचा एक घास खाल्ला नाही. खोटं आहे, साफ खोटं. मैनाबाई तिथं होतीच कुठं? अंबादेवीची आण घेऊन सांगतो, मी आता जे सांगीन त्यात एक अक्षर खोटं निघालं तर ही जीभ ह्याच ओसरीवर गळून पडो — बसा ना, उभे काहून? त्या पोत्यावर नका बसू, ज्वारी आहे, अन्नावर बसलेलं तिले खपत नाही. ह्या बाजेवर बसा, मधल्या दोऱ्या सैल आहेत, कडेले बसा — एक अक्षर म्हणालो खरं, पण साहेब, मी छापखान्यात खिळे जुळवतो, तीस वर्षं अक्षरांशीच धंदा. इकडचं एखादं तिकडे पडतं, ते काही मोजू नये. तेवढं शपथेतून वगळा. बाकी सगळं खरं. म्हणजे एक कावळा येतो मधी, तो कावळा जरासा — जाऊ द्या, कावळ्याचं तिथं गेल्यावर पाहू.

तुमी वामनराव, वामनराव करत फिरले म्हणून तुमाले घर उशिरा सापडलं. ह्या बुधवाऱ्यात वामनराव कोणाले माहीत नाही. सुभद्राबाईचा नवरा म्हणा, कुत्रं सुद्धा दारापर्यंत सोडून देईन. अन् ऐका, ती आता तुमच्यासाठी ताट करून राहिली, जेवल्याशिवाय सोडणार नाही. उठताना एवढं लक्षात ठेवा, 'पोट भरलं' असं तोंडानं म्हणा. मान हलवून चालत नाही, ढेकर देऊन चालत नाही. ते दोन शब्द कानावर पडल्याशिवाय ती ताट उचलत नाही. एकदा गावचा मोठा सावकार नुसताच हसून उठला, तर ही ताटापाशी तशीच बसून — बरं, सावकार नव्हता, सावकाराचा दिवाणजी होता, पण बसून राहिली हे खरं.

सुरुवात कशी झाली विचारता? धुरापासून झाली. समोर ते कवाड दिसतं ना, तिथं किसनराव मास्तर राहत. बायको गेलेली, पोरगा रेल्वेत, जबलपूरकडे कुठं तरी. रोज सकाळी त्यांच्या कौलातून धूर निघे, अन् सुभद्रेले तो धूर पाहायची सवय. एक दिवस निघाला नाही. दुसऱ्या दिवशी निघाला नाही. मी म्हटलं, मास्तर उपास करत असतील. ती म्हणाली, उपासाले बी चूल पेटते. गेली, तर मास्तर भिंतीकडे तोंड करून पडलेले, अन् दात नाहीत म्हणून भाकर चावत नाही, चावत नाही म्हणून करायची कोणासाठी. हिनं ज्वारीच्या कण्या शिजवल्या, मऊ, अगदी लोण्यासारख्या, त्यांचा गोळा केला, अंगठ्यानं मधी खळगा पाडला अन् खळग्यात जवसाचं तेल सोडलं. मास्तरांनी खाल्लं, आणि डबा परत धाडताना त्यात चिमूटभर साखर ठेवली. आपल्यात कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तुमच्या घरी बी नसतील करत. त्या साखरेनं घात केला साहेब! बायको म्हणाली, ह्या माणसाकडे घालायले साखर आहे, पण शिजवून घालायले माणूस नाही. मंग कौशल्याबाई आल्या, मंग अंबागेटापाशी दोन घरं, मंग राजापेठ. पोरं वकिली शिकायले गेली, कारकुनी करायले गेली, मागं बुढे-बुढ्या राहिल्या, कुलपासारख्या. अन् संध्याकाळी परत आलेले डबे ती उघडायची ते पाहायले मी घरी लौकर यायचो — कोणाची झेंडूची फुलं, कोणाचं चिंचेचं बोटूक, एकीनं तर कापसाच्या वाती वळून धाडल्या होत्या. ती वास घेऊन सांगायची, आज कोण रडलं. हे खोटं वाटतं तुमाले? हे खरं आहे. मी ज्याची शपथ घेतो तेच कधीकधी खोटं असतं, न घेता सांगतो ते खरं असतं.

आता अकोल्याचं. जुन्या शहरात चूल मांडायची, मोर्णा नदीपलीकडं घर पाहून ठेवलं, चार भले लोक लाकूडफाटा पुरवणार, वीसएक म्हातारी माणसं वाट पाहून राहिली — तुमचं सगळं ऐकलं मी. काम चांगलं आहे. त्याले कोण नाही म्हणते? पण अकोल्यात आमची चूल एकदा पेटली होती अन् विझली. काहून विझली, तर मले तिथलं पाणी मानवलं नाही. पोटाचं दुखणं. झडलो मी तिथं, ओळखू येत नव्हतो. म्हणून परत आलो. एवढंच.

नाही, एवढंच नाही. तिचा बाप होता ना अकोल्यात. नत्थुजी. कापसाच्या बाजारात काट्यावर माप करायचा. गाड्याच्या गाड्या रुई त्याच्या हाताखालून गेली, अन् शेतकरी डोळे मिटून त्याचं माप मानत. म्हणायचा, काटा अन् बाप, दोन्ही झुकले की दुनिया संपली. बायको लवकर मेलेली. ही एकटी पोर, काट्यापाशी खेळत लहानाची मोठी झाली. एकदा ह्यानं वजन टाकलं अन् पारडं खाली आलं ते नेमकं हिच्या उजव्या अंगठ्यावर. अंगठा चेंदला. जुळला, पण वाकडा जुळला, एका कडेनं चपटा. आता ताट घेऊन येईन तेव्हा पाहा — नाही, पाहू नका. तर तो वाकडा अंगठा घेऊन ती माझ्या घरी आली. आणि नत्थुजीनं कपाळाले हात लावून सांगितलं, लेकीले लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं खात नसतो, रीत आहे. नातू झाला का येतो अन् पंगतीत पहिला बसतो.

तो पहिला बसणार म्हणून साहेब, आमी वर्षामागून वर्षं पाट मांडून ठेवला. दर दिवाळीत यायचा. धडप्यात आपली भाकर बांधून आणायचा, ह्या समोरच्या निंबाखाली बसून खायचा, अन् पाणी मास्तरांकडचं प्यायचा. आमचं पाणी सुद्धा नाही. सुभद्रा इथं चौकटीत उभी राहून बापाले कोरडी भाकर खाताना पाहायची. लोक मले म्हणत, वामनराव, दुसरी करा. मी म्हणायचो, एकीचे कान माझ्या थापांनी किटले, दुसरीचे कोण भरून काढील? हसत लोक. मी बी हसायचो. एका दिवाळीले ती ताट घेऊन निंबाखाली गेली, चाळिशी ओलांडली होती तिनं तोवर, अन् ताट त्याच्यापुढं ठेवून म्हणाली, बाबा, आता काही होत नाही, जेवा. त्यानं ताट वर उचललं, कपाळाले लावलं, अन् परत तिच्या हातात दिलं. म्हणाला — हे मी माझ्या कानांनी ऐकलं, हे जसंच्या तसं आहे —

"मी खाल्लं का मीच म्हणलो, बाई, का आता तुले लेकरू होत नाही. दुनिया म्हणो. मी नाही म्हणनार."

राग करावा तर तो आपल्याचसाठी उपाशी. ती ताट घेऊन आत आली अन् त्या रात्री — नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी — मले म्हणाली, अकोल्याले चूल मांडायची.

लोकांले वाटलं, बाईचा व्याप वाढला. तुमच्यासारखेच चार भले लोक तेव्हा बी होते, आधीपासून बोलावून राहिले होते अन् ती नाही म्हणत होती. आता एकदम हो. मैनाबाई तिच्या मावशीकडची, जुन्या शहरात राहणारी. तिच्या घरी चूल, तिच्या नावानं डबे. इथलं कौशल्याबाईच्या सुनेले सोपवलं. माझ्या छापखान्याचा मालक काशीले गेला होता, नाही तर आजारी होता, काही तरी होतं, छापखाना बंद होता. आमी दोघं गेलो. अन् तिथं ती लपून राहिली साहेब! बापाच्या दोन गल्ल्या अलीकडे, आणि बापाले पत्ता नाही. दिवसा घाटावर जायची नाही. मागच्या खिडकीतून मारुतीच्या देवळाची वाट दिसायची. नत्थुजी काठी टेकत जायचा तेव्हा ही खिडकीआड उभी राहायची, अन् तो गेल्यावर मले सांगायची, आज धोतर धुतलं नाही त्यानं, आज पाय ओढून राहिला. बारा-पंधरा म्हाताऱ्यांचा स्वैपाक मैनाबाई करायची. एक डबा ही करायची.

मैनाबाईनं बुढ्याले सांगितलं, कोण्या शेठाणीचं व्रत आहे, निराधारांले अन्न धाडायचं. तुमी नाही म्हणाल तर तिचं व्रत मोडन. व्रत म्हटल्यावर तो अडला. दुसऱ्याचं व्रत मोडणाऱ्यातला तो नव्हता. त्यानं डबा घेतला अन् खाल्ला. महिना, दीड महिना, होळीपासून, रोज. हे बी खरं, साहेब, हे मैनाबाईले विचारा, ती स्वतःच डबा नेऊन द्यायची. काय? आत्ताच म्हणालो, ती तिथं नव्हतीच? होती. नव्हती म्हणजे — ऐका ना पुढं. तुमी वकील लोक माणसाले त्याच्याच शब्दांत बांधता.

सुभद्रा फार जपायची. कण्यांत खळगा पळीनं पाडायची, अंगठ्यानं नाही. कारण त्या वाकड्या अंगठ्याचा खळगा काही गोल पडत नाही, एका बाजूची कड खाली बसते, अन् तेल तिकडून ओघळतं. हे कोणाच्या ध्यानात येणार? कोणाच्याच नाही. पण ज्याच्या काट्यानं तो अंगठा चेंदला त्याच्या येईन. म्हणून पळी. दीड महिना पळी. इतकी आनंदात मी तिले कधी पाहिली नाही. डबा रिकामा परत यायचा, त्यात गुळाचा खडा असायचा, अन् ही तो खडा तोंडात न टाकता गालाले लावायची. मले म्हणायची, अहो, बाबा माझ्या हातचं खाऊन राहिले. मी म्हणायचो, अख्ख्या अकोल्याले ऐकू जाईन, हळू.

अन् मंग अक्षय तृतीया आली. पितरांचा दिवस. मायची आठवण, मायनंच शिकवलेला तो खळगा. सकाळपासून ती राबून राहिली होती. घागर भरली, मायच्या नावानं पान वाढलं, आणि त्याच हातानं बापाचा डबा भरला. पळी बाजूले होती. अंगठ्यानं खळगा पाडला, तेल सोडलं, झाकण लावलं. डबा गेला. गेल्यावर तिनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. तेल लागलेलं.

तिकडे नत्थुजीनं डबा उघडला. आधी बायकोच्या नावानं घास काढायचा म्हणून उघडला, अन् पाहत राहिला. कावळा येऊन चौकटीवर बसला होता, घासाले शिवेना. म्हातारा जेवल्याशिवाय मी नाही शिवत, असा मान वाकडी करून बसला, अन् बुढा त्याले म्हणाला — बरं, कावळा नव्हता. कावळ्याबद्दल मी आधीच सांगून ठेवलं होतं. मैनाबाई होती, डबा रिकामा व्हायची वाट पाहत बसलेली. बुढ्यानं झाकण लावलं अन् तिले म्हणाला, माह्या जावयाले पाठवून द्या, एकट्याले.

मी गेलो. आत गेलो, तर म्हातारा डबा मांडीवर घेऊन बसलेला. मले पाहून रडला. मी बी रडलो. म्हणाला, जावईबुवा, माह्या पोरीनं मले हरवलं. अन् जेवला साहेब! माझ्यासमोर जेवला, बोटं चाटून जेवला. मले म्हणाला, तिले सांगजा, पण समोर येऊ नको म्हणा. समोर आली तर मले नाही म्हणावं लागन, परदा राहू द्या. मंग रोज डबा मीच न्यायचो, रोज तो खायचा. वैशाख सरता सरता त्याचं सरलं, वयच झालं होतं. शेवटच्या दिवशी त्यानं डब्यात खण ठेवला, हिरवा, जरीकाठी, अन् म्हणाला, 'पोट भरलं'. बस. मी जाऊन तिले तेच सांगितलं. झाली गोष्ट. आता तुमी जेवा, गाडीनं परत जा, अन् मैनाबाईले म्हणावं, तोंड सांभाळ.

काहून पाहून राहिले असे? काय म्हणाली ती अजून? फटीतून? काय पाहिलं तिनं फटीतून?

हळू बोला.

हां. म्हणजे तिनं पाहिलं होतं. मले वाटलं दार लागलेलं होतं.

अकोल्याचं पाणी मले मानवलं नाही म्हणालो ना मघाशी? मानवलं, साहेब. त्या उन्हाळ्यात माझं पोट सुटलं. सदऱ्याच्या गुंड्या लागेनात. गल्लीतले लोक चेष्टा करायचे, म्हणायचे, जावयाले सासरचं अन्न लागलं. मी त्यांच्यासोबत हसायचो. दोन माणसांचं खात होतो मी. घरी तिच्यासमोर एकदा जेवायचो, नाही म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं. अन् तिथं त्याच्या खोलीत, त्याच्यासमोर बसून, त्याचा डबा.

तो रडला नव्हता. त्या दिवशी मी गेलो तेव्हा तो काटा धरल्यासारखा ताठ बसलेला. मले म्हणाला, बसा, वामनराव. डबा माझ्याकडे सरकवला. म्हणाला, हा अंगठा माह्या काट्यानं चेंदला होता, मले नाही कळनार? मी त्याचे पाय धरले. म्हटलं, मामाजी, दीड महिना खाल्लं तुमी, रीत मोडायची ती मोडून गेली, आता काय राहिलं? तो म्हणाला, न समजता खाल्लं ते देव मोजत नाही. आता समजून खाऊ? मी म्हटलं, तिचे केस पांढरे झाले, पाहिले नाही का तुमी दिवाळीत? हळूच म्हणाला,

"वयानं नाही होत पांढरे. चुलीच्या धुरानं होते."

मंग त्यानं मले घातली ती अट. डबा परत नेला तर तिले समजन. तिले समजू द्यायचं नाही. तुमी इथं बसून खा अन् रिकामा न्या, ती सुखात राहीन. माझा हात घेतला अन् त्या कण्यांवर ठेवला, अन्नाची शपथ घ्यायले लावली. समोर येऊ नको म्हणा, आली तर मले नाही म्हणावं लागन, हे खरंच बोलला होता. ते मी नाही रचलं. मी पहिला घास घेतला. तो म्हणाला, सावकाश. मंग म्हणाला, कसं झालं सांगा.

कसं झालं सांगा, म्हणाला.

मी थापाड्या माणूस, साहेब. आयुष्यभर थापा मारल्या, कोणाच्या कामी आल्या नाहीत. त्या खोलीत आल्या. मी सांगायले लागलो. म्हटलं, मामाजी, हे जवसाचं तेल साधं नाही, वलगावच्या घाण्यावरचं आहे, तिथला बैल गोल फिरता फिरता ह्या वासानं हंबरतो. म्हटलं, ह्या कण्या इतक्या मऊ की चंद्र चुलीवर ठेवला होता काय असं वाटते. ताकात लसूण कसा तडतडला, मिरची कुठं लागते, आधी जिभेच्या शेंड्याले की मागून घशात, सगळं सांगायचो. तो डोळे मिटून ऐकायचा. अन् त्याचं तोंड हलायचं. रिकामं. मी चावायचो तसं तो चावायचा, मी गिळायचो तसा त्याच्या गळ्याचा मणी वर-खाली व्हायचा. संपलं की पाणी प्यायचा अन् म्हणायचा, आज मीठ जरा कमी होतं, नाही? अन् खरंच कमी असायचं साहेब, खरंच असायचं. त्याले कसं समजायचं, मले आजतागायत समजलं नाही.

तो स्वतः काय खायचा? फुटाणे कुटून पाण्यात कालवायचा, वाटीभर. मी मैनाबाईच्या हातचं म्हणून वेगळं नेलं, तर म्हणाला, ह्याले बी तिचाच वास. गवळ्याचं दूध नेलं, तर विचारलं, कोणाच्या चुलीवर तापवलं? एकदा फसवलेल्या माणसाचा विश्वास परत येत नाही. अन् तो झुरत गेला. मी फुगत गेलो. अन् ती इकडे गुळाचा खडा गालाले लावत होती, तो तेवढा रोज तोच ठेवायचा, स्वतःच्या हातानं. म्हणायचा, पोरीचं भांडं रिकामं जाऊ नये.

शेवटच्या दिवशी उठवत नव्हतं त्याले. मले ट्रंक उघडायले लावली. तळाशी कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात गुंडाळलेला खण होता. हिरवा. मी विचारलं, हा कधीचा? म्हणाला, तिचं लग्न झालं त्या साली घेतला, डोहाळजेवणाले द्यायचा म्हणून. इतकी वर्षं दर उन्हाळ्यात पाला बदलत होता. मी डबा खाऊन संपवला होता, त्यानं खण त्यात ठेवला अन् झाकण मले लावायले दिलं. म्हणाला — आता नीट ऐका, साहेब, हे त्याचे शब्द, माझे नाहीत — म्हणाला,

"तिले म्हणा, बाप अजून वाट पाहून राहिला."

मी जुन्या शहराच्या त्या गल्लीतून डबा घेऊन परत येत होतो. दोन गल्ल्या. ती मागच्या दारात उभी होती. डबा घेतला, उघडला, खण बाहेर काढला, पाल्याचा चुरा पदरावर सांडला. तिले समजलं. हिरवा खण बापानं काहून दिला हे बाईले समजत नाही का? पण ती उलटं समजली. तिले वाटलं, बाप जेवला, मनातलं सोडून दिलं, अन् जे राखून ठेवलं होतं ते देऊन मोकळा झाला. मले विचारलं, बाबा काय म्हणाले? तिच्या डोळ्यांत काय होतं ते मले सांगता येत नाही, मी इतकं काय काय सांगतो, ते येत नाही. मी म्हणालो, 'पोट भरलं', म्हणाले.

तर ते. तुमी मघापासून तेच विचारून राहिले ना, ह्यात रचलेलं काय? कावळा रचलेला. बैल हंबरला ते रचलेलं. सावकार अन् माझं पोटाचं दुखणं रचलेलं. खण खरा आहे. तो तिच्या पेटीत आहे, शिवला नाही तिनं. अन् 'पोट भरलं' हे दोन शब्द माझे. दोनच. ह्या दोन शब्दांवर, वकीलसाहेब, ह्या घरची चूल पेटते. तुमी अकोला म्हणाले तेव्हापासून आत भांडी वाजून राहिली, ऐकू येते? माळ्यावरचे अकोल्याचे डबे काढून राहिली ती. मी आजवर नाही नाही म्हणत आलो, पाण्याचं सांगत आलो. तिले जायचं आहे. जिथं बाप जेवला तिथं तिले जायचं आहे. मी तरी किती अडवू? तिथं वीस म्हातारी उपाशी आहेत म्हणता. चूल मांडा. पण मैनाबाईकडे आधी तुमी जा, अन् तिच्या देवावर हात ठेवून तिले शपथ घ्यायले लावा. कोर्टात तुमी लोकांचं तोंड उघडता, एकदा एकाचं बंद करा.

डोळे पुसा. पुसा लवकर. बांगड्या वाजल्या.

काही नाही गं, वकीलसाहेबांले निंबाचा कचरा गेला डोळ्यात. ठेव, ठेव ताट इथं. अन् तूप वाढ जरा. हां. हात धुवा साहेब. कण्या आहेत, गरम आहेत, कडेकडेनं घ्या.

खळग्याकडे पाहू नका. जेवा. अन् उठताना काय म्हणायचं ते ठाऊक आहे तुमाले.